ल्यू (यी जिंगमधील षड्रेखाचिन्ह)

ल्यू : यी जिंग या प्राचीन चिनी शकुनग्रंथातील ६४ षड्रेखाचिन्हांपैकी (एकावर एक सहा रेषांच्या आकृतींपैकी) ५६ वे चिन्ह. खाली पर्वत (गेन) व वर अग्नी (ली) या त्रिरेखांचे (तीन रेषांच्या आकृतींचे) ते बनते. तळापासून मोजता पहिली, दुसरी व पाचवी रेषा तुटक (यिन), उरलेल्या तीन अखंड (यांग). डोंगरावरचा वणवा एका जागी ठरत नाही, म्हणून हे प्रवाशाचे चिन्ह, अशी पारंपरिक फोड आहे. नावाला मराठी प्रतिशब्द देणे अवघड : ‘वाटसरू’ म्हटले तर परकेपणा सुटतो, ‘उपरा’ म्हटले तर वाट सुटते. मूळ अक्षरात ध्वजाखाली जमलेली माणसे दिसतात आणि शू शन या चिनी कोशकाराच्या कोशात (इ.स. सुमारे १००) ल्यू म्हणजे ५०० सैनिकांची तुकडी. प्रवासाचा अर्थ मोहिमेवरच्या फौजेवरून आला असावा.

ग्रंथाचा मूळ गाभा जौ राजघराण्यातील राजा वन व जौचा ड्यूक यांचा, ही परंपरा आज फारशी ग्राह्य धरत नाहीत. तो पश्चिम जौ काळाच्या उत्तरार्धात, इ.स.पू. नवव्या शतकाच्या सुमारास आकाराला आला असावा. नंतर जोडलेल्या ‘दहा पंख’ नामक विवरणांत ल्यूला ५५ व्या चिन्हाशी (फंग, विपुलता) जोडले आहे : वैभव टोकाला गेले की घर सुटते. मात्र १९७३ मध्ये मावांगदुई येथील थडग्यात (बंद झाल्याचा काळ इ.स.पू. १६८) मिळालेल्या रेशमी हस्तलिखितात चिन्हांचा क्रमच वेगळा आहे. त्यामुळे ही साखळी मूळची मानणे धाडसाचे. त्याच विवरणांपैकी दुसऱ्या एकात ल्यूची ओळख दोनच शब्दांत येते : आप्त थोडे.

मुख्य कौलवाक्य त्रोटक आहे : ‘ल्यू, शिआओ हंग, ल्यू झन जी.’ येथील ‘झन’ या अक्षरावर सगळे अडते. टीकाकारांची परंपरा त्याचा अर्थ ‘सचोटी, ठामपणा’ असा घेते, मग वाक्याचा अर्थ ‘अल्प यश, परमुलखात सचोटीने राहणाऱ्याचे भले होते’. जौपूर्वीच्या शांग घराण्याच्या काळात शकुनासाठी वापरलेल्या हाडांवर कोरलेल्या कौलांत मात्र ‘झन’ म्हणजे नुसते ‘कौल लावणे’, आणि शू शननेही तोच अर्थ दिला आहे. तसे वाचल्यास उपदेश गळून पडतो व ‘प्रवासासाठी कौल लावला : शुभ’ एवढेच उरते. गाव हंग (१९००–८६) या चिनी अभ्यासकाने ‘हंग’चाही अर्थ यश न घेता नैवेद्य असा घेतला. मूळ मजकुरापुरता हा दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो; पण गेली दोन हजार वर्षे लोकांनी ग्रंथ वाचला तो पहिल्या अर्थाने, हेही खरे.

प्रत्येक रेषेला जोडलेल्या रेषावाक्यांत एका प्रवाशाचे दिवस दिसतात. पहिल्या रेषेत तो क्षुल्लक गोष्टींत गुंततो व संकट ओढवून घेतो. दुसरीत मुक्काम मिळतो, गाठीला पैसा आणि इमानी पोरगा नोकर असतो. तिसरीत मुक्कामच जळतो, नोकर जातो. चौथीत निवारा, द्रव्य व कुऱ्हाड मिळूनही ‘माझ्या मनाला चैन नाही’. (यातील ‘झ-फू’, म्हणजे द्रव्य-कुऱ्हाड, हा जोडशब्द पुढे चिनी भाषेत वाटखर्चाला रूढ झाला.) पाचवीत एका बाणाच्या मोलात फेझंट हा रानपक्षी टिपला जातो आणि शेवटी कीर्ती व नेमणूक लाभते. पाचवे स्थान एरवी राजाचे; पण राजा प्रवासी झाला तर गादीच गमावतो, म्हणून येथे तो अर्थ घेऊ नये, असे टीकाकार चंग यी (१०३३–११०७) सांगतो.

सर्वांत वादग्रस्त सहावी रेषा : ‘पक्षी आपले घरटे जाळतो, प्रवासी आधी हसतो, मग आक्रोश करतो, यीमध्ये बैल गमावतो. अशुभ.’ टीकाकार वांग बी (२२६–२४९) ‘यी’चा अर्थ ‘सहज’ असा घेतो : बैल बेसावधपणे गेला. नंतरचा टीकाकार जू शी (११३०–१२००) ३४ व्या चिन्हातील ‘यी’त हरवलेल्या मेंढ्याविषयी लिहिताना हाच अर्थ देतो, पण ‘शेताची हद्द’ हा अर्थही चालेल, असे नमूद करतो. १९१७ मध्ये वांग ग्वोवेइ या अभ्यासकाने हाडांवरील लेखांत शांग घराण्याचा पूर्वज वांग हाय ओळखला. त्या आधारे इतिहासकार गू ज्येगांगने १९२९ मध्ये मांडले, की ‘यी’ म्हणजे यौयी ही टोळी : तिच्या मुलखात गुरे घेऊन गेलेला वांग हाय मारला गेला व गुरे हिरावली गेली. ही कथा ‘शान हाय जिंग’ या प्राचीन चिनी पुराणकथा-भूगोलग्रंथात येते, तेथे त्याच्या दोन्ही हातांत पक्षी आहे, आणि हाडांवरील काही लेखांत त्याच्या नावाच्या अक्षरावरही पक्षी कोरलेला आढळतो. घरट्याचा संबंध यातून लागतो की नाही, हे निर्विवाद नाही; तरी बैल व मेंढा दोन्हींचा उलगडा एकाच कथेने होतो, ही या मताची जमेची बाजू.

‘दहा पंखां’तील ‘महाप्रतिमा’ या विवरणातील बोध अनपेक्षितपणे न्यायदानाचा आहे : शिक्षा विचारपूर्वक द्यावी, खटले तुंबवू नयेत. तुरुंगही वाटेवरच्या मुक्कामासारखा अल्पकाळाचा असावा, असे टीकाकार जुळवून घेतात. जोड थोडी ओढूनताणून वाटते.

जेम्स लेग या स्कॉटिश अभ्यासकाच्या इंग्रजी भाषांतरात (१८८२) प्रवाशाबरोबर ‘परका माणूस’ हाही शब्द आहे. १८९९ पासून वीसएक वर्षे चीनमधील चिंगदाव शहरात राहिलेल्या रिखार्ट विल्हेल्म या जर्मन मिशनऱ्याने जर्मन भाषांतरात (१९२४) ‘भटक्या’ निवडला आणि पाश्चात्त्य वाचकांत तोच रुजला. मजकुराला लेग जवळचा आहे. सहा रेषांत रस्ता, नदी, घाट कुठेच नाही; आहेत मुक्काम, नोकर, निवारा आणि घरटे.