तगरीच्या फोटोतला आठ पायांचा पाहुणा

तगरीचं फूल पांढरंशुभ्र, भिरभिऱ्यासारख्या वळलेल्या पाच पाकळ्यांचं. सकाळी कुंडीजवळ उकिडवं बसून त्याचा फोटो काढला, तेव्हा फुलावर एक माशी होती आणि कधी नव्हे ती जागची हलत नव्हती. म्हटलं, नशीब! रात्री फोटो संगणकावर मोठा करून पाहिला तेव्हा त्या स्थिरतेचं कारण कळलं. माशीची मान एका पांढऱ्या खेकडा-कोळ्याच्या जबड्यात होती. पाकळीची दुमडलेली कड म्हणून जे सोडून दिलं होतं, ते त्याचे पुढचे लांब पाय होते. (कोळी कीटक नव्हे, हे मान्य. पण फुलांच्या फोटोत न बोलावता येणाऱ्यांत त्याचा नंबर फार वरचा आहे.)

असा अनुभव आता कुणालाही येतो. घडायला मात्र तो फार उशिरा लागला. फुलातले किडे माणूस कधीपासूनच पाहत आला आहे, पण फूल म्हणून टिपलं आणि आत किडा निघाला, ही गंमत जेमतेम पंचवीस वर्षांची.

त्याआधीचे लोक किडे शोधायलाच बसत. जर्मनीत स्पांडाऊ गावी श्प्रेंगेल नावाचे एक हेडमास्तर फुलांपुढे तासन्‌तास बसून राहायचे. पाकळ्यांवरचे ठिपके आणि रेघा कीटकांना मधाकडे नेणाऱ्या खुणा आहेत, असं त्यांनी 1793 च्या पुस्तकात मांडलं. लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे डार्विनने त्यांची किंमत ओळखली.

लपण्याच्या शास्त्राची सुरुवात मात्र हेन्री बेट्सपासून धरावी लागते. हा गृहस्थ 1848 ते 1859 अशी अकरा वर्षं अॅमेझॉनच्या जंगलात फुलपाखरं गोळा करत होता. काही फुलपाखरं उडताना हुबेहूब एका जातीची दिसायची, आणि पकडून हातात घेतल्यावर भलत्याच कुळातली निघायची. बेचव जातीचं रूप घेऊन चविष्ट जात पक्ष्यांपासून वाचते, हा त्याचा सिद्धांत 1862 मध्ये प्रसिद्ध झाला. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की जागेवर बेट्सचीही फसगत होत होती. उलगडा व्हायचा तो नंतर, निवांतपणे दुसऱ्यांदा पाहताना. संगणकावर फोटो मोठा करणारे आपण वेगळं काय करतो?

कॅमेरा या कामात आला तोही शिकाऱ्याच्या थाटात. देशोदेशीची झाडं अमेरिकेत आणणारे डेव्हिड फेअरचाइल्ड आणि त्यांची पत्नी मॅरियन (टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेल यांची मुलगी) यांनी लांबलचक कॅमेऱ्याने परसातल्या किड्यांची मोठाली छायाचित्रं काढली आणि 1914 मध्ये पुस्तक छापलं. नाव ठेवलं ‘राक्षसांचं पुस्तक’. त्यात अपघाताने काही सापडण्याचा प्रश्नच नव्हता. आधी किडा धरायचा, मग त्याला कॅमेऱ्यासमोर मांडायचं.

1955 मध्ये जर्मनीच्या हाइन्झ किलफिट यांनी 35 मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी खास जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स बाजारात आणली. तरी फिल्मच्या काळात फुलात लपलेला किडा लपूनच राहिला. रोलमध्ये 36 फोटो, प्रत्येकाचा हिशोब, आणि धुऊन हाती यायचा तो पोस्टकार्डाएवढा कागद. दीड मिलिमीटरचा जीव त्यावर टिंबाएवढाही उमटायचा नाही. उमटला तर छपाईतला डाग समजून सोडून दिला जायचा. शिवाय इतक्या जवळून फोटो घेताना जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर खोलीचाच पट्टा स्पष्ट येतो. पुंकेसर नीट आले तर पाकळी धूसर, आणि किडा नेमका त्या धुरकटात.

हे चित्र बदललं ते छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांनी. 1999 चा निकॉनचा कूलपिक्स 950 वस्तूच्या दोन सेंटीमीटरवर जाऊन फोकस करायचा. त्याचा सेन्सर (फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारा भाग) इवलासा असल्यामुळे स्पष्ट दिसणारा पट्टाही जास्त खोल मिळायचा. एरवी ज्याला कमीपणा म्हणतात, तोच इथे कामी आला. फोटो फुकट झाले, आणि पडद्यावर हवे तेवढे मोठे करता येऊ लागले. माझ्या मते खरा शोध लेन्सचा नाही, या मोठं करून पाहण्याचा आहे. 2021 मध्ये आयफोन 13 प्रो दोन सेंटीमीटरवरून टिपू लागला, तोवर ही सवय लोकांच्या बोटांत मुरलेली होती.

आपल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. थ्रिप्सना मराठीत नावच ‘फुलकिडे’. मिरचीचं किंवा डाळिंबाचं फूल तळहातावर झटकायचं आणि काय वळवळतंय ते पाहायचं, ही तपासणी कॅमेऱ्याशिवाय चालत आली आहे. बागेतल्या जास्वंदीच्या फोटोत पिवळसर रेघोट्या हलल्यासारख्या दिसल्या, तर ते बहुधा हेच. जात मात्र फोटोवरून सांगता येत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शकच लागतो.

तरीही फोटोने कधी कधी मोठी मजल मारली आहे. मलेशियातल्या सेलांगोरमध्ये एका छायाचित्रकाराने जाळीदार पंखांच्या हिरव्या किड्याचा फोटो काढला, किडा उडून गेला, फोटो इंटरनेटवर चढला. पंखावरच्या काळ्या नक्षीतले निळे ठिपके कॅलिफोर्नियातल्या कीटकतज्ज्ञ शॉन विंटरटन यांच्या नजरेला पडले. अशी जात त्यांनी पाहिलीच नव्हती. पुढे त्याच जागी पुन्हा एक सापडला, लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये तपासला गेला, आणि 2012 मध्ये ‘सेमाक्रायसा जेड’ असं बारसं झालं. 2015 मध्ये तर दक्षिण आफ्रिकेतली, सुतार-भुंग्यासारखी दिसणारी एक माशी नमुना हाती नसताना निव्वळ छायाचित्रांवरून नवी जात म्हणून जाहीर झाली. त्यावर वर्गीकरणशास्त्रज्ञांत चांगलीच जुंपली. फोटोवर जाती ठरवणं चूक आहे, अशा पत्रावर सुमारे पाचशे जणांनी सह्या केल्या.

आणि ‘लपलेला’ म्हणजे कुणापासून? ऑस्ट्रेलियातल्या पांढऱ्या खेकडा-कोळ्यांवरचं संशोधन 2003 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आलं. आपल्याला फुलात न दिसणारा हा कोळी अतिनील प्रकाश परावर्तित करतो. मधमाशीला तो प्रकाश दिसतो. तिच्या दृष्टीने कोळी बसलेलं फूल उठून दिसतं आणि ती त्याच्याकडेच वळते. आग्नेय आशियातल्या ऑर्किड मँटिसची गोष्ट याहून पुढची. हा प्रार्थना कीटक फुलात दडतो, असं शंभर वर्षं मानत आले. प्रयोगात दिसलं की त्याला फूल लागतच नाही. हिरव्या पानांत नुसता बसला तरी कीटक त्यालाच फूल समजून येतात, आणि शेजारच्या खऱ्या फुलांपेक्षा जास्त येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडीपाशी गेलो तर ते फूल खाली मातीत पडलेलं होतं. शेजारी तीन नवी उमलली होती. प्रत्येकाच्या पाकळ्या मोजल्या. दोन फुलांना पाच-पाच भरल्या. तिसऱ्याच्या मोजून होईनात.