म्हातारपणी एकत्र गाणं मनाला काय देतं?

सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या बारा ज्येष्ठ नागरिक केंद्रांत ज्युलीन जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समूहगायनाचा एक मोठा प्रयोग केला. साठी ओलांडलेले ३९० जण त्यात होते. निम्म्या केंद्रांत गायनाचे वर्ग लगेच सुरू झाले, उरलेल्या केंद्रांतल्या लोकांना सहा महिने थांबावं लागलं. आधी कोण आणि नंतर कोण, हे संशोधकांनी स्वतःच्या मर्जीने न ठरवता नशिबावर सोडलं होतं. आठवड्यातून एकदा दीड तास गायचं, मधूनमधून लोकांसमोर कार्यक्रम करायचा, एवढाच नेम. सहा महिन्यांनी दोन्ही गटांची तुलना झाली आणि २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

स्मरणशक्तीत लक्षणीय फरक पडला नव्हता. पायांची ताकदही तशीच होती. पण गाणाऱ्यांचा एकटेपणा कमी झाला होता आणि जगण्यातला रस वाढला होता.

मला हा प्रयोग महत्त्वाचा वाटतो, कारण काय बदललं नाही हेही त्यात स्वच्छ सांगितलं आहे. संगीताने विसराळूपणा पळतो, संगीताने अमुक आजार बरा होतो, असे संदेश मोबाईलवर रोज फिरतात. त्या गर्दीत एकत्र गाण्याने मन हलकं होतं ही खरी गोष्ट झाकली जाते, आणि ती काही लहान नाही. २०१७-१८ मध्ये भारतभर झालेल्या वार्धक्यविषयक सर्वेक्षणात साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांमध्ये नैराश्याची ठळक लक्षणं आढळली. म्हणजे दर बारा ज्येष्ठांमागे एक. आपल्याकडे असा माणूस क्वचितच ‘मी उदास आहे’ असं म्हणतो. झोप लागत नाही, जेवण जात नाही, करमत नाही, अंग मोडून येतं, असं म्हणतो. मग रक्त तपासलं जातं, शक्तिवर्धक गोळ्या सुरू होतात आणि मन तसंच राहून जातं.

गाण्याने नेमकं काय होतं? यातला पहिला धागा श्वासाचा. ओळ संपेपर्यंत श्वास पुरवून सोडावा लागतो आणि पुढची ओळ सुरू व्हायच्या आत भरून घ्यावा लागतो. हा संथ, लांब उच्छ्वास हृदयाची गती शांत करणाऱ्या चेतातंतूंना चालना देतो. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठात ब्यॉर्न विकहॉफ यांनी २०१३ मध्ये दाखवलं की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाची गती एकाच वेळी वाढते आणि एकाच वेळी कमी होते. ती मुलं अठरा वर्षांची होती, हे ध्यानात ठेवावं. पण श्वास आणि हृदय यांचं नातं वयाने तुटत नाही.

दुसरा धागा माणसांचा. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी गायन, हस्तकला आणि सर्जनशील लेखन अशा वर्गांचा सात महिने मागोवा घेतला. शेवटी सगळ्याच वर्गांतली माणसं एकमेकांच्या जवळ आली होती. फरक होता तो वेगात. गाणाऱ्यांची जवळीक पहिल्याच महिन्यात झाली. याच वर्तुळातल्या दुसऱ्या एका अभ्यासात रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला आवळत नेऊन माणूस किती दुखणं सोसतो ते पाहिलं, आणि गाण्याच्या तासानंतर सोसण्याची मर्यादा वाढलेली दिसली. गाताना मेंदूत एंडॉर्फिन ही वेदनाशामक द्रव्यं स्रवतात याची ही अप्रत्यक्ष खूण मानतात. हसताना आणि नाचतानाही तसंच घडतं. जोडीदार गेलेल्या, मुलाकडे नव्या शहरात राहायला आलेल्या माणसाला सत्तराव्या वर्षी नवी ओळख करून घेणं अवघड जातं. गाण्यात आधी बोलावं लागत नाही, म्हणून ते सोपं होतं.

हे सगळं वाचताना मला सारखं भजनी मंडळ आठवत होतं. बुवा चाल धरतात, ओळ म्हणतात आणि मागचे ती उचलतात. ज्याला सूर सापडत नाही तो टाळ वाजवतो, ज्याचे हात थरथरतात तो नुसती मान डोलावतो. कुणालाही बाहेर बसावं लागत नाही. अभंग पाठ असतात, त्यामुळे डोळ्यांना कमी दिसलं किंवा अक्षरओळख नसली तरी अडत नाही. युरोपातल्या समूहगायनात कागद, सराव आणि आवाजांची विभागणी असते. आपल्या रचनेत आज आलेला माणूस आजच गातो. शिवाय ठरलेला वार असतो. एकादशीला अमक्याच्या घरी, गुरुवारी देवळात. एखाद्या आठवड्यात आजोबा दिसले नाहीत तर कोणीतरी चौकशीला घरी जातं. माझ्या मते या चौकशीचं मोल सुरांपेक्षा कमी नाही.

भजन सगळ्यांचं असतं असंही नाही. कुणाला भीमगीतं जवळची, कुणाला नाट्यपदं, कुणाला वसईच्या चर्चमधली गायनमंडळी, तर गोव्यात कुणाला मांडो. ज्याचं जे तरुणपणी ऐकून मुरलं, तेच घ्यावं.

मुरलेल्या गाण्याची जागा मेंदूत खरोखर वेगळी असते. लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी आधी तरुण, निरोगी माणसांत पाहिलं की पूर्वीपासून ओळखीचं गाणं ऐकताना मेंदूचे कोणते भाग जागे होतात. मग अल्झायमरच्या रुग्णांत तेच भाग तपासले. बाकीचा मेंदू झिजत असताना ते भाग तुलनेने बरेच टिकून होते. हा अभ्यास २०१५ चा. नातवाचं नाव विसरलेली आजी हरिपाठाची ओळ पुरी करते, त्यामागे हे कारण असू शकतं. तिची स्मृती परत आली असं मात्र समजू नये. तिच्याशी जोडून घ्यायची एक वाट उघडी राहिली आहे, इतकंच. आणि घरच्यांसाठी तेवढीही खूप असते. ऑस्ट्रेलियात फेलिसिटी बेकर यांच्या चमूने स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाश्रमवासीयांबरोबर समूहगायन केलं, तेव्हा त्यांच्या नैराश्याची लक्षणं कमी झालेली २०२२ च्या अहवालात नोंदली आहेत.

आता जात्याकडे येऊ. पहाटे जात्यावर बसलेली बाई दळता दळता ओवी गायची. माहेरची ओढ, सासरचा जाच, लेकरू गेल्याचं दुःख, भावाचा अभिमान, विठ्ठलाशी भांडण, सगळं त्यात यायचं. समोर बसलेली जाऊ किंवा शेजारीण ऐकायची, आपली ओवी जोडायची. गावात पिठाची गिरणी आली, कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण दुःख बोलायची ती जागाही गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे ग्रामीण भारताविषयीच्या ‘पारी’ या संकेतस्थळावर त्यातल्या अनेक खुल्या झाल्या, आज कोणीही वाचू-ऐकू शकतं.

ज्या बायकांनी मुलगी असताना जातं ओढलं त्या आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना एकत्र बसवून ‘तुमच्याकडे कोणती ओवी म्हणायचे?’ एवढंच विचारून पाहावं. जुनं आठवत बसणं हे म्हातारपणाचं खूळ आहे असं डॉक्टरही एके काळी समजत. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये उलट मांडलं. मागचं आयुष्य उलगडून पाहणं हे उतारवयातलं नैसर्गिक आणि गरजेचं काम आहे, आणि नीट ऐकणारं कुणी मिळालं तर त्यातून जुनी सल निवळू शकते. ओवी त्यासाठी फार सोयीची आहे. जे थेट बोलवत नाही ते चालीत बसवून बोलता येतं.

नाटक-सिनेमाला किंवा प्रदर्शनाला नुसतं जाण्याचं काय? डेझी फॅनकोर्ट आणि अँड्र्यू स्टेप्टो यांनी इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या २,१४८ लोकांची दहा वर्षांची माहिती तपासली. सुरुवातीला यातल्या कुणालाही नैराश्य नव्हतं. दर काही महिन्यांनी अशा ठिकाणी जाणाऱ्यांमध्ये नैराश्याचा धोका ३२ टक्के कमी आढळला, महिन्यातून एकदा किंवा जास्त वेळा जाणाऱ्यांमध्ये ४८ टक्के. आकडे मोठे आहेत, पण जपून वाचावेत. ज्याचे पाय चालतात, खिशात पैसे असतात, सोबत कुणी असतं, तोच नाटकाला जातो. संशोधकांनी हे घटक हिशेबात घेतले होते, तरी अशा निरीक्षणातून कारण पक्कं सिद्ध होत नाही. म्हणूनच मी नशिबावर गट पाडलेल्या प्रयोगांना जास्त वजन देते.

मर्यादाही सांगायला हवी. कोणी खाणंपिणं सोडलं असेल, मरणाचं बोलत असेल, आठवडेच्या आठवडे अंथरुणातून उठत नसेल, तर भजनाला चला म्हणून भागणार नाही. डॉक्टरांकडे न्यावं. सरकारची टेलिमानस ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर आहे, ज्येष्ठांसाठी १४५६७ हा वेगळा क्रमांक आहे.

वर्ग सुरू करणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. वय वाढलं की स्वरतंतू बदलतात. बायकांचा आवाज खाली उतरतो. पेटीच्या काळी पाच या पट्टीत गाणाऱ्या बाईंना आता त्याखालची काळी तीनही उंच वाटू शकते. पेटीवाल्याने पट्टी त्यांच्या आवाजाला लावावी, नाहीतर त्या ‘आता गळा राहिला नाही’ म्हणत घरी बसतील. ध्वनिवर्धक मोठा लावू नये. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना त्याचा फार त्रास होतो. जागा तळमजल्यावर हवी, स्वच्छतागृह जवळ हवं, आणि अंधार पडायच्या आत माणसं घरी पोचावीत.

आणि वर्ग बंद पडू देऊ नये. इंग्लंडमधल्या ईस्ट केंट भागात साठीपुढच्या २५८ लोकांवर असाच प्रयोग झाला होता. चौदा आठवडे गायल्यानंतर चिंता आणि नैराश्य दोन्ही कमी झालं, पण वर्ग थांबल्यावर सहाव्या महिन्याच्या तपासणीत त्यातला बराचसा फरक ओसरलेला दिसला. आपल्याकडे ज्येष्ठांसाठी वर्षातून एक मोठा कार्यक्रम होतो, शाल-श्रीफळ दिलं जातं, जेवण होतं. मंडप, जेवण आणि सत्काराला जो पैसा लागतो त्यात बहुधा पेटीवाल्याचं वर्षभराचं मानधन निघेल, आणि ज्यांना चालवत नाही त्यांच्या रिक्षाचं भाडंही.