टक्केचिन्हाने गिळलेली तळटीप

‘जे टाइप केलं तेच छापायचं, त्यात काय एवढं?’ लाटेक या अक्षरजुळणीच्या संगणकप्रणालीत प्रबंध किंवा प्रोग्रामिंगचं पुस्तक लिहायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण असंच धरून चालतो. समीकरणं अवघड, तक्ते किचकट. प्रोग्रामचा तुकडा किंवा वेबपत्ता मात्र नुसता चिकटवायचा. प्रत्यक्षात नेमकं उलटं घडतं. समीकरणं हा या प्रणालीच्या हातचा मळ आहे. ती अडखळते ‘जसंच्या तसं’ या मागणीपाशी. ती का अडखळते हे समजून घेण्यासारखं आहे, कारण तिथेच तिच्या रचनेचं मर्म दिसतं.

लाटेकच्या पोटात टेक आहे. आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं पाहून संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ नाराज झाले आणि १९७७-७८ मध्ये त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीचा प्रोग्राम लिहायला घेतला, तो हा. पुढे १९८०च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लाटेक उभारलं.

टेक तुमची फाईल एकेक अक्षर करत वाचतं आणि वाचताक्षणी प्रत्येक अक्षराला एक वर्ग देतं. वर्ग एकूण १६, शून्यापासून पंधरापर्यंत. उलटी तिरकी रेघ (\) शून्य वर्गात, म्हणजे इथून आज्ञा सुरू. महिरपी कंस १ आणि २ मध्ये, डॉलर ३ मध्ये, म्हणजे इथून गणित. साधी अक्षरं ११ मध्ये, अंक आणि विरामचिन्हं १२ मध्ये. टक्केचिन्ह १४ मध्ये: इथून ओळीच्या शेवटापर्यंत जे काही आहे ती लेखकाची खासगी टीप, ती सोडून द्यायची.

मला मोहवते ती पुढची गोष्ट. हे वर्ग कायमचे नाहीत. लेखक वाटेत केव्हाही सांगू शकतो की यापुढे टक्केचिन्ह १२ व्या वर्गात. पण ‘यापुढे’ला इथे फार महत्त्व आहे. जे अक्षर वाचून झालं, त्याचा वर्ग त्याला चिकटला तो चिकटलाच. क्नूथ यांनी टेकला डोळे, तोंड आणि जठर असल्याचं वर्णन केलं आहे. त्याच भाषेत सांगायचं तर वर्ग तोंडातच ठरतो, घास उतरल्यावर तो बदलता येत नाही.

आता प्रोग्राम जसाच्या तसा छापायचा म्हणजे काय करायचं? सगळ्या खास चिन्हांचं खासपण काढून त्यांना १२ व्या वर्गात बसवायचं. रिकाम्या जागांचाही बंदोबस्त करावा लागतो. एरवी टेक सलग जागांची एकच जागा करतं आणि ओळीच्या सुरुवातीच्या जागा तर टाकूनच देतं. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत याच जागांवर प्रोग्रामचा अर्थ ठरतो, म्हणजे असा छापलेला प्रोग्राम चालणारच नाही.

इथे एक सुंदर पेच उभा राहतो. उलटी रेघच साधी झाली, तर ‘आता पुरे’ ही आज्ञा टेकला ओळखू कशी येणार? त्यावर लाटेकचं उत्तर असं की ती आज्ञा म्हणून ओळखायचीच नाही. बाराव्या वर्गातली रेघ, मग समाप्तीच्या शब्दाची अक्षरं, मग बाराव्या वर्गातला कंस, अशी ठरलेली माळ नजरेस पडेपर्यंत सगळं गोळा करत राहायचं. म्हणून त्या माळेत मधे एक जागा जरी जास्त पडली, तरी खूण पटत नाही आणि पुढचा मजकूर प्रोग्राम समजून गोळा होत राहतो.

वेबपत्ता याच जातीचा. त्यात अधोरेषा, # आणि टक्केचिन्ह हमखास असतात. शिवाय तो लांबलचक आणि मधे एकही जागा नसलेला, त्यामुळे ओळ मोडायची कुठे हाही प्रश्न. मोडताना संयोगचिन्ह घालून चालत नाही, ते पत्त्याचाच भाग वाटेल. यासाठी यूआरएल हे पॅकेज (लाटेकला जोडायचा तयार आज्ञांचा संच) पत्ता चक्क गणिताच्या पद्धतीने जुळवतं. समीकरण अधिक किंवा बरोबरच्या चिन्हानंतर मोडता येतं, तसा पत्ता तिरक्या रेघेनंतर किंवा टिंबानंतर मोडतो.

मराठी पत्त्यांचं दुखणं मोठं आहे. ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी पाच संकेतांकांचा (काना आणि वेलांटी धरून), प्रत्येकी तीन बाइट. पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्ह आणि त्यापुढची दोन चिन्हं असा लिहिला जातो. म्हणजे एका ‘मराठी’ची ४५ चिन्हं होतात आणि त्यात १५ टक्केचिन्हं! मुख्य मजकुरात हा पत्ता बिनबोभाट छापला जातो, कारण पत्त्याची आज्ञा आधी वर्ग बदलते आणि मग पत्ता वाचते. तोच पत्ता तळटीपेत घाला. आता तळटीपेची आज्ञा आपला सगळा मजकूर आधी वाचून घेते, जुन्याच वर्गांनिशी. पहिल्या टक्केचिन्हाशी उरलेली ओळ गळून पडते, तिच्याबरोबर मिटणारे कंसही जातात. मग टेक कंस शोधत फाईलच्या शेवटापर्यंत जातं आणि तिथे त्रुटी दाखवतं. चूक पानभर मागे, तक्रार शेवटच्या ओळीवर.

अशा वेळी बरेच जण कुणाच्या तरी फाईलमधल्या सुरुवातीच्या पन्नास ओळी ताईत बांधावा तशा उचलतात. हे सोडायला हवं. ‘हायपररेफ (दुवे क्लिक करता येण्याजोगे करणारं पॅकेज) सगळ्यात शेवटी लोड करा’ हा नियमसुद्धा मंत्रासारखा घोकला जातो, पण त्यामागे साधं कारण आहे: ते पॅकेज शीर्षकं, तळटीपा, संदर्भ यांच्या आज्ञा बदलतं, म्हणून बाकीच्यांचं काम आधी उरकलेलं बरं. कारण माहीत असलं की अपवादही कळतात.

तळटीपेवरचे उपाय दोन. हायपररेफ वापरत असाल तर प्रत्येक टक्केचिन्हाआधी उलटी रेघ द्या. ‘मराठी’साठी पंधरा वेळा. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. यूआरएल पॅकेजमध्ये पत्त्याला आधीच, मोकळ्या ओळीवर, एक नाव देऊन ठेवता येतं. पत्ता तिथेच योग्य वर्गांनिशी वाचला जातो, आणि तळटीपेत फक्त ते नाव लिहायचं. तोवर वर्ग चिकटलेले असतात, त्यामुळे तळटीपेला त्यातलं एकही टक्केचिन्ह गिळता येत नाही.