बोअरचं पाणी कमी झालंय? नवी मारण्याआधी हे वाचा

वर्षानुवर्षं चांगली चाललेली बोअर मार्च लागला की कुरकुरायला लागते. मोटर थोड्या वेळात हवा ओढते, टाकी भरत नाही. मग घरात एकच चर्चा: दुसरी मारू. मारा, पण जुनी का कमी झाली हे कळल्याशिवाय नको. तेच दुखणं नव्या बोअरलाही लागू शकतं, आणि मग दोन्हीचे पैसे पाण्यात, तेही पाणी नसताना.

पहिली तपासणी तुम्हीच करा, फुकट आहे. दोनशे लिटरचं बॅरल पाइपाखाली लावा आणि मोबाइलवर वेळ बघा. दोन मिनिटांत भरलं तर तासाला 6,000 लिटर. मोटर चालू केल्याबरोबर एकदा मोजा, तासाभरानं पुन्हा. सुरुवातीला जोरात येऊन नंतर धार बारीक होत असेल तर बोअरमध्ये पाणी भरून यायचा वेग कमी झालाय. पहिल्यापासूनच धार बारीक असेल आणि बोअरमध्ये पाण्याची पातळी मात्र वर असेल, तर दोष बहुधा मोटरचा: इंपेलर (पाणी वर ढकलणारी आतली चकती) झिजलाय किंवा कॉलम पाइपाला (मोटरपासून पाणी वर आणणाऱ्या पाइपाला) कुठंतरी भोक पडलंय. अशा वेळी आम्हाला, म्हणजे बोअर दुरुस्त करणाऱ्यांना नाही, मोटरवाल्याला बोलवा.

आमचा माणूस आला की आधी दोरीला वजन बांधून खोली मोजतो. बिलावर 250 फूट आणि वजन 190 वर टेकलं, तर खाली 60 फूट गाळ आहे. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी सगळीकडे नसतं. ते भेगांत, सच्छिद्र थरात, दोन थरांच्या सांध्यात असतं. त्या सांध्यात बऱ्याचदा तांबडी माती असते, ती ढासळते. केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप, पक्क्या खडकापर्यंत नेलं नसेल तर वरचा मुरूमही आत येतो. खालच्या भेगा बुजतात आणि पाणी तिथंच अडतं. यावर उपाय कॉम्प्रेसरनं फ्लशिंग. पाणी नितळ येईपर्यंत हवा मारायची, अर्ध्यावर थांबायचं नाही. मात्र केसिंगच फुटलं असेल तर फ्लशिंग पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकेलच असं नाही. आत कमी व्यासाचा पाइप घालावा लागतो, आणि तो खर्च आम्ही आधीच सांगतो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ-हातकणंगले भागात जड पाण्याच्या तक्रारी जास्त येतात. मोटर वर काढली की पाइपावर पांढरी खपली दिसते. तीच खपली आत भेगांच्या तोंडावरही बसलेली असते. कधी गंजाच्या रंगाचा बुळबुळीत थर असतो, तो लोहजीवाणूंचा. खपलीसाठी सल्फॅमिक आम्ल सोडतो, ब्रश फिरवतो, मग फ्लशिंग. जीवाणूंसाठी क्लोरीन, पण आम्ल पूर्ण धुऊन निघाल्यावरच. कुणाचं ऐकून बोअरमध्ये आम्ल ओतू नका. त्यावर ब्लीचिंग पावडर पडली तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. ही गंमत नाही.

आता हायड्रोफ्रॅक्चरिंग, म्हणजे जोराच्या दाबानं पाणी ढकलून खडकातल्या भेगा उघडणं, ज्याबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. हे तंत्र तेल-वायूच्या विहिरींतून आलंय. त्याचा पहिला प्रयोग 1947 साली अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या ह्युगोटन वायुक्षेत्रात झाला. तेलविहिरीत भेग उघडी राहावी म्हणून पाण्याबरोबर वाळू आणि रसायनं ढकलतात. आपण फक्त स्वच्छ पाणी वापरतो. केसिंगच्या खाली पक्क्या खडकात पॅकर (फुगणारं रबरी बूच) फुगवून बसवायचा आणि त्याखाली पाणी दाबायचं. कारच्या टायरमध्ये दर चौरस सेंटीमीटरला सव्वादोन किलो दाबाची हवा असते. इथला दाब शंभर किलोच्या घरात जातो. बुजलेल्या भेगा उघडतात, एकमेकींना मिळतात. दाबाचा काटा चढता चढता एकदम खाली पडला की समजायचं, वाट मोकळी झाली. तरी पाणी किती वाढेल याची हमी आम्ही देत नाही. जो देतो त्याच्याकडून ती लिहून घ्या.

काही ठिकाणी आम्ही सरळ नाही म्हणतो. सगळ्या गल्लीतल्या बोअरची पातळी खाली गेली असेल तर आडातच नाही, पोहऱ्यात कुठून येणार? पन्हाळा-शाहूवाडीकडच्या जांभ्याच्या सड्यांवर (तांबड्या सच्छिद्र दगडाच्या पठारांवर) पाणी जसं मुरतं तसंच झऱ्यांवाटे निघूनही जातं. तिथं दाब देऊन काय होणार? अशा ग्राहकांना आम्ही छपराचं पाणी गाळून बोअरमध्ये सोडायचा सल्ला देतो. शेतातलं वाहतं पाणी मात्र नको, त्याबरोबर खतं आणि औषधं खाली जातात.

बोअर सोडूनच द्यायची असेल तर ती तळापासून वरपर्यंत भरून घ्या. उघड्या बोअरबद्दल सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्येच निर्देश दिलेत, आणि नुसतं वर गोणपाट टाकणं म्हणजे बंद करणं नव्हे.

फोन करताना बोअर मारल्याचं वर्ष, खोली, केसिंग किती फूट, मोटर किती फुटांवर आणि किती एचपीची एवढं हाताशी ठेवा. जुनं बिल सापडलं तर फोटो पाठवा. गाडी बोअरपर्यंत येईल का तेही बघून ठेवा. उसाच्या सरीत कॉम्प्रेसर जात नाही.