वाक्य संपायच्या आत

नौपाड्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये भाचीच्या एकांकिकेची तालीम चालली होती. मी तिला घरी न्यायला गेलो होतो आणि तिच्या "मामा, दहाच मिनिटं"चा एव्हाना तास झाला होता. प्रसंग साधा. बहीण विचारते, "तू बाबांना सांगितलंस?" भाऊ म्हणतो, "नाही." पण दिग्दर्शक, ज्याला सगळी पोरं दादा म्हणत होती, वैतागला होता. "अरे, तिचं वाक्य संपल्यावर तू विचार करायला बसतोस. क्यू उचल!" क्यू म्हणजे समोरच्याचे शेवटचे शब्द, ज्यावर आपलं वाक्य सुरू करायचं. पुढच्या खेपेला मुलानं 'नाही' ताबडतोब फेकलं. दादा आणखी वैतागला. "आता पाठ केल्यासारखं वाटतंय."

त्या दोन 'नाही'मध्ये फरक असेल फार तर अर्ध्या सेकंदाचा. आणि बोलण्याचा अभ्यास करणारी मंडळी गेली पन्नास वर्षं नेमकी याच अर्ध्या सेकंदात मुक्काम ठोकून आहेत.

सुरुवात झाली ती १९७४ साली. सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन या तीन अमेरिकी संशोधकांनी ध्वनिमुद्रित गप्पा बारकाईनं ऐकून दाखवून दिलं की साध्या गप्पांनाही नियम असतात. एका वेळी बहुतेक एकच जण बोलतो, पाळी बदलते, आणि दोन पाळ्यांमधली फट अगदी किरकोळ असते. किती किरकोळ, हे २००९ साली मोजलं गेलं. नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी दहा भाषांतले हो-नाहीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं तपासली. डॅनिश, जपानी, लाओ, मेक्सिकोतली त्सेल्ताल अशी एकमेकींशी काही देणंघेणं नसलेल्या भाषांची ही मोट. सरासरी फट निघाली सुमारे २०० मिलीसेकंद, म्हणजे पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. सगळ्यांत सावकाश डॅनिश, सुमारे ४७० मिलीसेकंद. सगळ्यांत चपळ जपानी, जवळजवळ शून्य. मराठी त्या यादीत नव्हती. असती तर आमच्या घरानं सरासरी बिघडवली असती. परवा आई आणि मावशीचं बोलणं मी मुद्दाम फोनवर टिपून घेतलं:

"अगं, तो मघाशी..."
"फ्रिजवर."
"चष्मा नाही गं, तो..."
"तोही फ्रिजवर."

गंमत वाटते, पण इथे एक हिशेब जुळत नाही. समोर चित्र ठेवून त्याचं नाव सांगायला लावलं, तर शब्द आठवून, त्याचे ध्वनी जुळवून, जीभ हलेपर्यंत माणसाला सुमारे ६०० मिलीसेकंद लागतात. हे एका शब्दाचं. अख्ख्या वाक्याला त्याहून जास्त. मग उत्तर २०० मिलीसेकंदांत येतंच कसं? एकच मार्ग उरतो: समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर रचायला घेतलेलं असतं.

२०१५ साली हे मेंदूच्या विद्युत-आलेखात पकडलं गेलं. सहभागी लोकांना एकच प्रश्न दोन तऱ्हांनी विचारला. एका तऱ्हेत '००७ या नावानंही ओळखलं जाणारं' हा धागा मध्येच येई, दुसरीत अगदी शेवटी. धागा मध्ये आला की अर्ध्या सेकंदाच्या आत मेंदूत उत्तराच्या तयारीची खूण उमटे. उरलेला प्रश्न कानावर पडतच असे, पण 'जेम्स बाँड' आत तयार होऊन बसलेला असे.

आता मराठीची अडचण बघा. आपलं क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही मागे. "मी तुझ्या पैशांना हात लावला..." इथपर्यंत ऐकून पुढे 'होता' येणार की 'नाही', हे कळायला काही मार्ग नाही. नाटककारांना ही शेपटी फार आवडते, टाळीचं वाक्य बऱ्याचदा तिच्यावरच टांगलेलं असतं. मग मराठी माणूस थांबत असेल का? मला नाही वाटत. जपानीचंही क्रियापद शेवटीच येतं आणि तरी ती यादीत पहिली. सूर, चेहरा, आधीचं बोलणं यांवरून आपण अंदाज बांधून मोकळे होतो. चुकला तर "आं?" म्हणतो. हा "आं?"सुद्धा जगभर थोड्याफार फरकानं सारखाच निघाला, आणि तो शोधणाऱ्यांना २०१५ साली इग्नोबेल, म्हणजे आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं.

दादाचं दुखणं मात्र वेगळं होतं. होकार चटकन येतो, नकार रेंगाळतो. गप्पांच्या मोजमापात फट सुमारे ७०० मिलीसेकंदांच्या पुढे गेली की उत्तर मनासारखं नसण्याची शक्यता वाढते. "रविवारी याल ना?" यावर क्षणभर शांतता पडली, की पाठोपाठ "अं... बघतो" येणार हे आपण ओळखतोच. म्हणजे भावाचं 'नाही' झटकन आलं तर तो निगरगट्ट, उशिरा आलं तर अपराधी. संहितेत दोन्हीकडे तेच दोन अक्षरी 'नाही'. पात्र ठरतं त्या आधीच्या फटीत, आणि ती फट कुठल्याच कागदावर छापलेली नसते. व्हिडिओ कॉलवर उगाच गैरसमज होतात तेही यातूनच. एका दिशेचा उशीर १५० मिलीसेकंदांच्या आत असावा, अशी दूरसंचाराची आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. तो वाढला की ऐरोलीच्या ऑफिसातून बोलणारा सहकारी आपल्याला बेफिकीर वाटू लागतो, आणि खापर नेटवर्कवर न फुटता त्याच्यावर फुटतं.

रंगमंचावर आणखी एक उशीर असतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे रंगमंचापासून २५ मीटरवर बसलेल्याला तो ७० मिलीसेकंद उशिरा ऐकू येतो. पण दोन्ही नटांचा आवाज सारखाच उशिरा येत असल्यानं फट जशीच्या तशी राहते. आणि ओठ व आवाज यांच्यातली तफावत? आवाज मागे पडला तर साधारण १२५ मिलीसेकंदांपर्यंत आपल्या लक्षात येत नाही, पुढे आला तर ४५ मिलीसेकंदांतच खटकतो. निसर्गात आवाज उजेडाच्या मागूनच येतो, त्याची कानाडोळ्यांना सवय असावी. सिनेमाचा संकलक मात्र मुद्दाम पुढच्या पात्राचा आवाज आधी आणतो आणि चेहरा नंतर. आपलं लक्ष तोवर उत्तराकडे वळलेलंच असतं, तो फक्त आपल्या बरोबरीनं चालतो.

तत्त्वज्ञांनी संवादाचा धागा याहून आत नेला. गीतेच्या प्रत्येक अध्यायाच्या समाप्तीला 'श्रीकृष्णार्जुनसंवादे' येतं. प्लेटोच्या 'थिएटेटस'मध्ये सॉक्रेटिस म्हणतो की विचार म्हणजे आत्म्यानं स्वतःलाच प्रश्न विचारून दिलेली उत्तरं. आपल्याला हे ऐकायला ग्रीसला जायची गरज नाही. 'तुका म्हणे होय मनासी संवाद । आपुलाचि वाद आपणांसी', तेही वृक्षवल्लींच्या सोबतीत. मनातल्या मनात भाषण करणं आणि मनातल्या मनात दोघांचं बोलणं रंगवणं, या दोन्ही वेळी मेंदूचे स्कॅन घेतले तेव्हा दुसऱ्या प्रकारात मेंदूच्या दोन्ही बाजूंचे जास्तीचे भाग कामाला लागलेले दिसले. त्यांतले उजवीकडचे काही, समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ताडताना जे वापरले जातात, त्यांच्याशी जुळणारे.

एकांकिकेचा प्रयोग गडकरी रंगायतनला झाला. बहिणीनं विचारलं, "तू बाबांना सांगितलंस?" पोरानं तिच्याकडे बघितलं, मग खाली. दादानं शेवटी किती वेळ ठरवून दिला होता कोण जाणे, पण त्यानं तो पुरता वापरला. माझ्या मागच्या रांगेतल्या एक काकू हळूच म्हणाल्या, "नाही सांगितलं त्यानं."

मग रंगमंचावरून "नाही" आलं.