टेकताच गोठणारा पाऊस

कॅनडाच्या पूर्व टोकाला, अटलांटिक महासागरात, न्यूफाउंडलंड नावाचं मोठं बेट आहे. त्याच्या आग्नेय कोपऱ्यातल्या अ‍ॅव्हलॉन द्वीपकल्पावर सेंट जॉन्स हे शहर वसलं आहे. नकाशा पाहिला तर ते पॅरिसच्याही थोडं दक्षिणेला आहे. जानेवारीतलं तिथलं सरासरी तापमान उणे ४-५ अंशांच्या घरात असतं. कॅनडाच्याच आतल्या भागातल्या, कडाक्याच्या थंडीच्या विनिपेग शहरातल्या माणसाला ही थंडी किरकोळ वाटेल. तरीही वीज खात्याची माणसं, वैमानिक आणि पायी चालणारे लोक हिवाळ्यात ज्याला सगळ्यात जास्त घाबरतात, ते हवामान याच शहराच्या वाट्याला सर्वाधिक येतं. गोठणारा पाऊस आणि गोठणारी भुरभुर धरून इथे वर्षाला सरासरी सुमारे १५० तास हा प्रकार चालतो. कॅनडातल्या दुसऱ्या कुठल्याही मोठ्या शहरात तो इतका वेळ चालत नाही.

थंडी कमी असूनही असं का, हा प्रश्न साहजिक आहे. खरं तर थंडी कमी आहे म्हणूनच असं होतं. उणे २५ अंशांत फक्त बर्फ पडतो. तो झाडता येतो, फावड्याने उपसता येतो. माणसाचं खरं नुकसान करणारा पाऊस शून्य ते उणे ५-६ अंशांच्या चिंचोळ्या पट्ट्यात पडतो आणि सेंट जॉन्सचा अख्खा हिवाळा याच पट्ट्याच्या आत-बाहेर करत जातो.

याला कारण आहे समुद्र. ग्रीनलंड आणि लॅब्रॅडोरकडून (बेटाच्या उत्तरेचा, कॅनडाच्या मुख्य भूमीवरचा प्रदेश) येणारा लॅब्रॅडोर प्रवाह या किनाऱ्याला घासून दक्षिणेकडे जातो. हिवाळ्याच्या शेवटी त्याच्याबरोबर तरंगत्या बर्फाचे विस्तीर्ण थर खाली येतात आणि त्या पाण्याचं तापमान शून्याच्याही खाली गेलेलं असतं (खारट असल्यामुळे ते उणे १.८ अंशांपर्यंत गोठत नाही). दक्षिणेला काही शे किलोमीटरवर गल्फ स्ट्रीम या सागरी प्रवाहाचं उबदार पाणी वाहत असतं. इतक्या कमी अंतरात इतका तापमानाचा फरक असला की वादळांना आयतं खाद्य मिळतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जन्मलेली कमी दाबाची क्षेत्रं इथवर येता येता अनेकदा भराभर खोल होतात. केंद्रातला दाब २४ तासांत २४ हेक्टोपास्कलच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) आसपास घसरला, तर अशा वादळाला हवामानतज्ज्ञ ‘बॉम्ब’ म्हणतात. १९८० साली फ्रेड सँडर्स आणि जॉन ग्याकम यांनी ही व्याख्या रूढ केली. हा आकडा ६० अंश अक्षांशासाठी आहे. दक्षिणेकडे त्याहून थोडी कमी घसरणही पुरते.

असं वादळ बेटाच्या दक्षिणेकडून सरकू लागलं की जमिनीलगत वारा ईशान्येकडून, त्या गारठलेल्या समुद्रावरून येतो. वर हजार-दोन हजार मीटरवर मात्र दक्षिणेची उबदार, दमट हवा चढून येते. जड, थंड हवेची पाचर खाली आणि हलकी, उबदार हवा तिच्या पाठीवर, अशी ही रचना असते. सगळ्यात वर ढगात हिमकण तयार होतात. खाली पडताना ते उबदार थरात शिरतात आणि वितळून थेंब होतात. शेवटचे काहीशे मीटर त्यांना पुन्हा थंड हवेतून यावं लागतं.

इथवरचा अर्धा प्रवास आपल्या ओळखीचा आहे. पावसाळ्यात मुंबई-पुण्यावर पडणाऱ्या पुष्कळ पावसाची सुरुवातही उंचावर हिमकण म्हणूनच होते. पाच किलोमीटरच्या आसपास ते कण वितळतात आणि रडारवर तो थर उजळ पट्ट्यासारखा दिसतो. फरक एवढाच की आपल्याकडे त्याखाली जमिनीपर्यंत सगळी उबदारच हवा असते.

न्यूफाउंडलंडमध्ये खालचा थंड थर जाड असेल, किंवा कण पुरते वितळलेले नसतील, तर वाटेतच थेंब पुन्हा गोठतात आणि टणक पारदर्शक बर्फाचे दाणे पडतात. या दाण्यांना गारा समजू नये. आपल्या गारा उन्हाळ्यातल्या उंच गडगडाटी ढगात, वर उसळणाऱ्या हवेवर तरंगत थरांवर थर चढवत वाढतात. हे दाणे म्हणजे नुसते गोठलेले थेंब. पण खालचा थर पातळ असेल तर थेंबाला गोठायला सवडच मिळत नाही. तो उणे तीन-चार अंशांचा असूनही पाणीच राहतो.

पाणी शून्य अंशाला गोठतं असं शाळेत शिकवतात. बर्फ शून्याला वितळतो हे नक्की, पण पाणी शून्याला गोठेलच असं नाही. स्फटिकाची पहिली जुळणी व्हायला काहीतरी आधार लागतो: धुळीचा विशिष्ट प्रकारचा कण, एखादा जिवाणू किंवा आधीच असलेला बर्फ. हा आधार मिळाला नाही तर अगदी शुद्ध पाण्याचा बारीक थेंब उणे ३८ अंशांपर्यंत द्रवच राहू शकतो. अशा अतिशीत थेंबाला फांदीचा, तारेचा, गाडीच्या काचेचा स्पर्श झाला की त्याला हवा तो आधार सापडतो.

पुढे काय होतं ते एकाच थेंबापुरतं नीट पाहू. एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकतं आणि तेवढंच पाणी एक अंशाने तापायला एक कॅलरी पुरते. उणे ४ अंशांचा थेंब तारेवर आपटला की गोठायला लागतो. पण त्यातून निघालेली उष्णता त्यालाच तापवते आणि जेमतेम ५ टक्के पाणी गोठेपर्यंत तो शून्यावर पोहोचतो. तिथे गोठणं थबकतं. उरलेलं ९५ टक्के पाणी तारेभोवती पसरतं, फटींत शिरतं, खालच्या बाजूला ओघळतं आणि वारा जसजशी उष्णता काढून घेईल तसतसं सावकाश गोठतं. त्यात हवेचे बुडबुडे फारसे अडकत नाहीत. म्हणून हा बर्फ काचेसारखा स्वच्छ, जड आणि चिवट असतो. स्थानिक लोक त्याला ‘ग्लिटर’ म्हणतात. सकाळी ऊन पडलं की प्रत्येक स्प्रूस वृक्षाची डहाळी लखलखते.

ही उष्णता आणखी एक काम करते. जमिनीलगतची हवाही तिने हळूहळू तापते आणि शून्यावर आली की गोठणं बंद पडतं. बहुतेक ठिकाणी गोठणारा पाऊस असा काही तासांत आपणच आपल्याला संपवतो. तो लांबायचा असेल तर ताज्या थंड हवेचा पुरवठा चालू राहावा लागतो. सेंट जॉन्सला तो पुरवठा ईशान्येचा समुद्री वारा करतो, तोही एप्रिलपर्यंत. १९५८ सालच्या फेब्रुवारीअखेरीस तिथे सलग ४३ तास गोठणारा पाऊस पडला होता. १९९८ च्या जानेवारीत अशाच लांबलेल्या गोठणाऱ्या पावसाने कॅनडातल्याच माँट्रियल परिसराचे हाल झाले, तेव्हा हेच काम सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यातून वाहत आलेल्या थंड हवेने केलं.

वादळ जवळ येताना घरात बसून हा सगळा क्रम ऐकू येतो. आधी बर्फ पडतो, त्याचा आवाज होत नाही. मग खिडकीवर दाण्यांचा तडतडाट सुरू होतो: वर उबदार थर पोहोचला, पण खालचा थंड थर अजून जाड आहे. मग तडतड थांबते आणि साधा पाऊस पडतोय असं वाटतं. सर्वांत धोक्याची वेळ हीच. डांबरी रस्ता नुसता ओला दिसतो, मात्र त्यावर पातळ काच चढलेली असते. टाकलेलं मीठ पावसाचं पाणी धुऊन नेतं. बुटाखाली खिळ्यांची पट्टी बांधल्याशिवाय पायरी उतरू नये, हे तिथे नव्याने गेलेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी पहिल्याच हिवाळ्यात ध्यानात ठेवावं.

वर सांगितलेली वितळून पुन्हा थंड होण्याची गोष्ट मात्र पूर्ण नाही. सेंट जॉन्समध्ये गोठणाऱ्या पावसापेक्षा गोठणारी भुरभुर जास्त पडते आणि तिला अनेकदा वरच्या उबदार थराची गरजच नसते. समुद्रावरच्या बुटक्या ढगांत तापमान उणे दहापेक्षा वरच असतं. तिथली हवा स्वच्छ असल्याने बर्फाची सुरुवात करून देणारे कण थोडेच असतात. म्हणून हिमकण बनतच नाहीत. अतिशीत बारीक थेंब एकमेकांवर आदळून मोठे होत जातात आणि भुरभुर होऊन पडतात.

हा प्रकार विमानांसाठी किती घातक आहे, हे ३१ ऑक्टोबर १९९४ ला कळलं. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रोझलॉनजवळ घिरट्या घालत थांबलेल्या एटीआर-७२ विमानाच्या पंखांवर असे मोठे अतिशीत थेंब गोठले. बर्फ हटवायची फुगणारी पट्टी पंखाच्या पुढच्या कडेला असते. थेंब मोठे असल्याने पाणी तिच्यामागे ओघळून गोठलं. विमान कोसळून ६८ जण गेले. पुढच्याच मार्चमध्ये कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी सेंट जॉन्सहून उपकरणांनी भरलेलं कॉन्व्हेअर-५८० विमान मुद्दाम अशा ढगांत नेऊन थेंबांचं मोजमाप केलं. ज्या हवेतून इतर विमानं पळ काढतात, तिच्यात जाऊन हे लोक तासन्‌तास माहिती गोळा करत होते. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पुढे विमानांच्या प्रमाणपत्रासाठी मोठ्या अतिशीत थेंबांचे वेगळे निकष आले, त्यामागे अशा मोजमापांचा मोठा वाटा आहे.

जमिनीवर सगळा प्रश्न वजनाचा होतो. अडीच सेंटीमीटर व्यासाची वीजवाहक तार घेऊ. तिच्याभोवती एक सेंटीमीटर जाडीचा बर्फ चढला तर दर मीटरला सुमारे एक किलो भार वाढतो. दोन सेंटीमीटर चढला तर अडीच किलो. जाडी दुप्पट झाली की वजन दुपटीहून अधिक वाढतं, कारण प्रत्येक नवा थर आधीच्यापेक्षा मोठ्या घेराभोवती बसतो. १९८४ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅव्हलॉनवर तारांभोवती १५ सेंटीमीटर व्यासाच्या बर्फाच्या नळ्या झाल्या होत्या. आपल्या हिशेबाने हे मीटरला सुमारे साडेपंधरा किलो होतं, म्हणजे दोन खांबांमधल्या १०० मीटर तारेवर दीड टन. शिवाय बर्फ सगळीकडून सारखा चढत नसल्याने तारेचा आकार विमानाच्या पंखासारखा वेडावाकडा होतो. वाऱ्याने ती वर उचलली जाते, खाली पडते आणि मोठ्या लाटांत नाचू लागते. हे का होतं ते जेकब डेन हार्टॉग यांनी १९३२ मध्ये गणिताने दाखवलं. त्या एप्रिलमध्ये सुमारे दोन लाख लोक कित्येक दिवस अंधारात होते.

अंधारापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे गारठा. न्यूफाउंडलंडमधली बहुतेक घरं विजेवर गरम राहतात, तेव्हा वीज गेली की ऊबही जाते. मग लोक घरात जनरेटर किंवा कोळशाची शेगडी पेटवतात आणि कार्बन मोनॉक्साइडने जीव जातात. अशा मोठ्या वादळांत हे अनेकदा होतं आणि हे मृत्यू पूर्णपणे टाळता येण्यासारखे असतात. याउलट साध्या बर्फाचं वादळ पाहा: १७ जानेवारी २०२० ला सेंट जॉन्सच्या विमानतळावर एका दिवसात ७६.२ सेंटीमीटर बर्फ पडला, घरांची दारं गाडली गेली, आठ दिवस आणीबाणी होती, लष्कर बोलवावं लागलं. त्या वादळाचे फोटो जगभर गेले. तरी तो बर्फ अखेर उपसता आला.

याचा अंदाज वर्तवणं अवघड जातं, कारण सगळा खेळ एका अंशाचा आणि दोन-तीनशे मीटर जाडीचा आहे. फुगे सोडून वरच्या हवेचं तापमान सहसा दिवसातून दोनदाच मोजतात आणि मधल्या बारा तासांत बर्फाचे दाणे, दाण्यांचा गोठणारा पाऊस, त्याचा साधा पाऊस असं सगळं होऊन जाऊ शकतं. टेकडीवरचं विमानतळ गोठत असताना खाली बंदरात नुसता पाऊस, हेही घडतं.

हवामान तापतंय म्हणून हा त्रास मिटेल, असं नाही. शून्याच्या आसपासचा पट्टा उत्तरेकडे सरकतो. जिथे पूर्वी निव्वळ बर्फ पडायचा, तिथे आता गोठणारा पाऊस वाढेल असं हवामानाची बहुतेक संगणकी प्रतिमानं दाखवतात, आणि लॅब्रॅडोर नेमकं त्याच दिशेला आहे. तिथल्या मस्क्रॅट फॉल्स धरणापासून सेंट जॉन्सजवळच्या सोल्जर्स पाँडपर्यंत सुमारे १,१०० किलोमीटरची वीजवाहिनी २०२३ पासून सुरू झाली आहे. डोंगर, बेल आइलची सामुद्रधुनी आणि शेवटी अ‍ॅव्हलॉन, असा तिचा मार्ग. किती सेंटीमीटर बर्फ धरून मनोरे बांधायचे, यावर तिथले अभियंते वर्षानुवर्षं वाद घालत आले आहेत. जुन्या नोंदींवरून काढलेला आकडा पुढच्या पन्नास वर्षांना पुरेल का, हा त्या वादातला सर्वांत कठीण मुद्दा आहे.