मोनरेआले: सोन्याच्या भिंती आणि जमिनीचे दफ्तर

सिसिलीची राजधानी पालेर्मो. तिथून मोनरेआलेचे कॅथीड्रल पाहायला निघालेला माणूस शहराबाहेर पडतो, घाट चढतो आणि डोंगराच्या कुशीतल्या गावात उतरतो. अंतर जेमतेम सात-आठ किलोमीटर. एवढ्याशा अंतराचेच मला कोडे वाटते. 12व्या शतकात पालेर्मोला आर्चबिशप, म्हणजे प्रदेशाचा वरिष्ठ धर्माधिकारी होता, त्याचे कॅथीड्रल, म्हणजे मुख्य चर्च होते, राजवाड्यात सोन्याने मढवलेले राजघराण्याचे चॅपेलही होते. मग राजाने शहराच्या इतक्या जवळ आणखी एक प्रचंड कॅथीड्रल का उभारले? त्याला जोडून मठ का बांधला आणि काही वर्षांतच त्या मठाच्या प्रमुखाला थेट आर्चबिशप का करून घेतले?

गावातल्या कथेत याचे उत्तर सोपे आहे. राजा विल्यम दुसरा शिकारीला आला, दमून कॅरोबच्या झाडाखाली झोपला. स्वप्नात मारिया मातेने दर्शन दिले आणि सांगितले, तुझ्या बापाने पुरलेले धन या झाडाखाली आहे, ते काढ आणि माझे मंदिर बांध. धन सापडले, मंदिर झाले. कथा गोड आहे आणि तिच्यात एक खरी गोष्टही दडली आहे. हे मंदिर राजाने आपल्या खजिन्यातून आणि आपल्या मर्जीने बांधले. पालेर्मोच्या धर्मपीठाला ते हवे होते, असे कुठेही दिसत नाही.

थोडे मागे जायला हवे. अरबांनी 827 साली सिसिलीच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवले, 831 मध्ये पालेर्मो घेतले आणि पुढची दोनशे वर्षे बेट त्यांच्याकडे राहिले. 1061 मध्ये उत्तर फ्रान्सकडचे नॉर्मन सरदार मेसिनात उतरले. 1072 मध्ये पालेर्मो पडले, 1091 मध्ये शेवटचे ठाणे नोतो. जिंकणारे मूठभर होते. प्रजेत अरबी बोलणारे मुसलमान, ग्रीक बोलणारे ख्रिस्ती आणि इटलीतून येणारे लॅटिन पंथाचे लोक होते. महसूल कसा गोळा करायचा आणि जमिनीच्या सीमा कुठे आहेत हे अरबी दफ्तरखान्याला ठाऊक होते, म्हणून नव्या राज्यकर्त्यांनी तो दफ्तरखाना चालू ठेवला. राजाच्या कचेरीतून लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तिन्ही भाषांत सनदा निघत.

1130 च्या नाताळात पालेर्मोत राज्याभिषेक करवून घेणारा रॉजर दुसरा हा विल्यमचा आजोबा. त्याच्या दरबारात अल्-इद्रीसी नावाचा भूगोलवेत्ता होता. 1154 मध्ये पुऱ्या झालेल्या त्याच्या जगवर्णनात आपल्या कोकणचा किनारा आहे. ‘ताना’ म्हणजे ठाणे आणि ‘सुबारा’ म्हणजे सोपारा. ठाण्याजवळच्या डोंगरांत बांबू होतो आणि त्यातून वंशलोचन मिळते, हेही त्याने टिपून ठेवले आहे. पालेर्मोच्या राजवाड्यात बसून ठाण्याच्या वंशलोचनाची नोंद झाली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या दरबाराचे जग किती मोठे होते ते यावरून समजते आणि ते जग मुख्यतः अरबी भाषेतून त्यांच्यापर्यंत पोचत होते.

रॉजरने 1131 मध्ये किनाऱ्यावरच्या चेफालू गावचे कॅथीड्रल सुरू केले आणि राजवाड्यातले चॅपेल सजवले. त्या चॅपेलच्या भिंतींवर बायझंटाइन, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या पूर्व रोमन साम्राज्याच्या पद्धतीचे मोझेक, म्हणजे बारीक तुकडे जडवून केलेली चित्रे आहेत, वर मधमाशांच्या पोळ्यासारखे अरबी शैलीचे लाकडी छत आहे आणि नमुना लॅटिन चर्चचा आहे. मोनरेआलेची मुळे इथे आहेत. नातवाने तीच भाषा घेतली आणि आवाज कितीतरी पटींनी वाढवला.

हा नातू 1166 मध्ये गादीवर आला तेव्हा बारा वर्षांचा होता. आई मार्गारेट नावार्रची राजकन्या. तिने काही वर्षे कारभार पाहिला. त्याच काळात राजाच्या शिक्षकांपैकी एक असलेला वॉल्टर पालेर्मोचा आर्चबिशप झाला आणि दरबारातला सर्वांत वजनदार माणूस बनला. त्याचा प्रतिस्पर्धी होता उपचॅन्सेलर मॅथ्यू. वॉल्टरला वेसण घालण्यासाठी मॅथ्यूनेच राजाला मोनरेआलेची कल्पना दिली, असे त्या काळाबद्दल लिहिणारा एक इतिवृत्तकार सांगतो. एकट्या मॅथ्यूच्या सांगण्यावर राजाने एवढे केले असेल असे मला वाटत नाही. घराण्यालाही हक्काचे दफनस्थान हवे होते. रॉजरने स्वतःसाठी चेफालू ठरवले होते, पण त्याला पुरले पालेर्मोत. विल्यमने आपल्या वडिलांची शवपेटी राजवाड्यातल्या चॅपेलमधून मोनरेआलेला हलवली. ती आजही तिथे आहे, लालसर जांभळ्या पॉर्फिरी दगडाची.

कामाचा वेग पाहिला की निकड कळते. 1174 मध्ये पोप तिसरा अलेक्झांडर याने मठाला स्थानिक बिशपांच्या अधिकारातून मोकळे करणारी सनद दिली. 1176 मध्ये नेपल्सच्या दक्षिणेकडील कावा मठातून बेनेडिक्टाइन साधू आले. 1183 मध्ये पोप तिसरा लुशिअस याने मठाच्या प्रमुखाला आर्चबिशप केले. वॉल्टरच्या अंगणात दुसरा वॉल्टर उभा राहिला. पालेर्मोच्या वॉल्टरने मग काय केले? पालेर्मोचे जुने कॅथीड्रल पाडून नवे बांधायला घेतले. आज प्रवासी दोन्ही पाहतात. त्यांतल्या एकाने दुसऱ्याला जन्म दिला आहे.

आत गेल्यावर नजर पहिल्यांदा जाते ती वेदीमागच्या अर्धगोल छतावरच्या ख्रिस्ताकडे. फक्त छातीपर्यंतचे चित्र, पण रुंदी सुमारे 13 मीटर. उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला आणि बाजूला ग्रीक अक्षरांत ‘पँटोक्रेटर’, म्हणजे सर्वसत्ताधीश. प्रसंगांखालचे मथळे लॅटिनमध्ये. इमारत 102 मीटर लांब आणि तिच्या आतले मोझेक सहा हजार चौरस मीटरांहून जास्त, म्हणजे साधारण दीड एकर. दीड एकरभर काचेचे आणि दगडाचे नखाएवढे तुकडे एकेक करून बोटाने दाबून बसवलेले आहेत.

सोनेरी तुकडा कसा होतो ते कळले की पाहण्यातली मजा वाढते. काचेच्या तावावर सोन्याचा वर्ख ठेवतात, त्यावर पातळ काचेचा थर वितळवतात आणि मग तुकडे करतात. सोने दोन काचांमध्ये बंद होते, म्हणून आठशे वर्षांनंतरही काळवंडत नाही. कारागीर परांचीवर उभा राहून दिवसभरात पुरेल एवढाच ओला चुन्याचा गिलावा देई आणि तो वाळायच्या आत तुकडे बसवी. ते एका पातळीत मुद्दाम बसवत नसत. प्रत्येक तुकडा किंचित वेगळ्या कोनात कललेला असतो. त्यामुळे आपण चार पावले चाललो की भिंतीवरचा उजेडही आपल्याबरोबर सरकतो. दिव्यांच्या आणि मेणबत्त्यांच्या हलत्या ज्योतींत ते कसे दिसत असेल याची कल्पना आजच्या स्थिर विजेच्या उजेडात करता येत नाही. ज्यांना जमेल त्यांनी ऊन आत येते त्या वेळी जावे आणि घाई करू नये.

चित्रांची मांडणी पुस्तकासारखी आहे. दक्षिणेच्या भिंतीवर वरच्या ओळीत सृष्टीची उत्पत्ती सुरू होते, कथा पूर्ण दालन फिरते आणि खालच्या ओळीत पुढे चालू राहते: नोहा, अब्राहम, इसाक, याकोब. बाजूच्या पडव्यांत ख्रिस्ताचे चमत्कार. मला सर्वांत जवळचे वाटते ते बाबेलच्या बुरुजाचे चित्र. त्यात गवंडी आहेत, चुना कालवणारे आहेत, साहित्य वर चढवणारे आहेत. परांचीवर उभ्या असलेल्या कारागिरांनी आपल्यासारख्याच माणसांचे काम तिथे रेखले. बायझंटाइन वळणाच्या या लोकांनी काम भराभर उरकले. बहुतेक सगळे मोझेक 1189 मध्ये राजा वारला तोवर किंवा त्यानंतर थोड्याच काळात झाले होते. त्यांच्यातल्या एकाचेही नाव राहिलेले नाही.

वेदीमागच्या भिंतीवर संतांच्या रांगेत एक चेहरा शोधण्यासारखा आहे: कँटरबरीचा थॉमस बेकेट. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्या सरदारांनी 29 डिसेंबर 1170 रोजी त्याला त्याच्याच चर्चमध्ये ठार केले. 1173 मध्ये तो संत ठरला. 1177 मध्ये विल्यमने लग्न केले ते याच हेन्रीच्या मुलीशी. जोन तेव्हा अकरा वर्षांची होती. म्हणजे सासऱ्याच्या माणसांनी मारलेल्या माणसाचे चित्र जावयाने आपल्या चर्चच्या सर्वांत मानाच्या जागी लावले. यामागे सासूबाईंचा, म्हणजे विल्यमच्या आईचा, हात असावा असे मानायला जागा आहे. बेकेटच्या परागंदा नातलगांना मार्गारेटने आसरा दिला होता आणि त्याबद्दल बेकेटने तिचे आभार मानले होते. बेकेटच्या चित्रांत हे जगातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक आहे.

राजा स्वतःही भिंतीवर दोनदा येतो. राजसिंहासनाच्या वर ख्रिस्त त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवतो. मध्ये पोपही नाही आणि आर्चबिशपही नाही. समोर, आर्चबिशपच्या आसनाच्या वर, विल्यम गुडघे वाकवून चर्चची प्रतिकृती मारियाला अर्पण करतो. खाली बसणाऱ्या आर्चबिशपला रोज ते चित्र डोक्यावर घेऊनच बसावे लागे.

दरवाज्यांकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. पश्चिमेचा कांस्याचा दरवाजा पिसाच्या बोनान्नोचा, त्यावर 1186 साल आणि त्याची सही. उत्तरेचा त्रानीच्या बारिसानोचा.

चर्चला लागून मठाचा चौक आहे. चौसोपी वाडा ज्याने पाहिला आहे त्याला रचना लगेच उमगेल: मधे उघडी बाग, चारी बाजूंनी ओसरी. पण इथली प्रत्येक बाजू 47 मीटरांची आहे, एकेका बाजूला 26 टोकदार कमानी आणि त्या पेलणारे जोडखांब, एकूण 228. काही खांब साधे, काहींवर रंगीत काचा-दगडांची जडणघडण, नागमोडी, तिरक्या पट्ट्यांची. नैर्ऋत्य कोपऱ्यात छोटा वेगळा चौक आणि त्यात खजुराच्या खोडासारखा कारंज्याचा खांब. पाणी असे वापरायची आवड अरबी सिसिलीची. साधू बेनेडिक्टाइन असले तरी त्यांचे अंगण पालेर्मोच्या राजबागांचे नातलग होते.

इथे वेळ द्यावा तो स्तंभशीर्षांना. बायबलमधले प्रसंग आहेत, तसे द्राक्षांची तोडणी, कसरतपटू, लढणारे स्वार आणि बैलाचा बळी देणारा माणूसही आहे. एकावर विल्यम पुन्हा आपले चर्च मारियाला देतो आहे. आणि एकावर लॅटिनमध्ये कोरले आहे: ‘मी रोमानुस, कॉन्स्टँटिनचा मुलगा, संगमरवर घडवणारा.’ चौकातल्या शेकडो आकृतींच्या गर्दीत कारागिराने स्वतःबद्दल एवढेच सांगितले आहे.

आता जमिनीकडे. माहितीपत्रकांत मोनरेआलेचे वर्णन तीन संस्कृतींच्या मिलाफाचे स्मारक म्हणून असते आणि बांधकामाला तिन्ही संस्कृतींचे हात लागले या अर्थाने ते खरे आहे. पण खर्च कुठून आला? विल्यमने मठाला पश्चिम सिसिलीत अफाट जहागीर लावून दिली: यातो, कोर्लेओने, कलात्रासी असे डोंगराळ मुलूख. तिथे राहणारी कुळे बहुतांशी मुसलमान होती. जमिनीबरोबर तीही मठाकडे आली. 1182 च्या सनदेत सीमा लॅटिन आणि अरबीत लिहिल्या आहेत. 1178 आणि 1183 च्या याद्यांत कुळांची नावे अरबीत आहेत, ग्रीक अक्षरांतही दिलेली. राजाच्या अरबी कारकुनांनी आपल्याच भाषेच्या लोकांची यादी ख्रिस्ती मठासाठी नीट, सुवाच्य करून दिली.

1184 च्या अखेरीस स्पेनचा यात्रेकरू इब्न जुबैर मक्केहून परतताना मेसिनाजवळ जहाज फुटून सिसिलीत अडकला. तो लिहितो की विल्यमला अरबी लिहिता-वाचता येते आणि त्याच्या वाड्यात मुसलमान नोकर आहेत. भूकंपात घाबरलेल्या वाड्यातल्या लोकांना राजाने ज्याने त्याने आपापल्या देवाचे नाव घ्यावे असे सांगितल्याचेही तो नोंदवतो. त्याच इब्न जुबैरने त्रापानीत आणखी एक गोष्ट पाहिली. तिथल्या एका प्रतिष्ठित मुसलमानाने आपली मुलगी यात्रेकरूंपैकी कुणीतरी लग्न करून न्यावी म्हणून विनवले. मुलीलाही जायचे होते. बेटावर आता आपल्याला भविष्य नाही, हे त्या घरात पक्के झाले होते. सोनेरी भिंतींवर तुकडे बसत होते ती हीच वर्षे.

राजाला मूल नव्हते. नोव्हेंबर 1189 मध्ये 36 व्या वर्षी तो गेला आणि पालेर्मोत मुसलमानांवर हल्ले झाले. पळालेल्यांनी डोंगर धरले, ते मठाच्याच जहागिरीतले. तीन दशके तिथे मठाचे काही चालेना. मग सिसिलीचाही राजा असलेला सम्राट फ्रेडरिक दुसरा याने 1220 च्या दशकात लष्कर घातले आणि हरलेल्यांना इटलीच्या मुख्य भूमीवर लुचेरा गावी नेऊन वसवले. 1246 च्या सुमारास शेवटचा विरोध संपला. चर्चचा अभिषेक 1267 मध्ये झाला तेव्हा त्या डोंगरांत अरबी बोलणारे फारसे उरले नव्हते.

नंतरच्या शतकांनी इथे आपापली भर घातली: 16व्या शतकात उत्तरेची ओसरी आणि विल्यमची पांढरी संगमरवरी कबर, 18व्या शतकात दर्शनी ओसरी. 1811 च्या आगीत छताचा मोठा भाग गेला. आज दिसणारे रंगीत लाकडी छत 19व्या शतकातले आहे, मोझेक मात्र बहुतांशी मूळचे. 2015 मध्ये युनेस्कोने पालेर्मोतल्या सात वास्तू, चेफालू आणि मोनरेआले यांना मिळून ‘अरब-नॉर्मन’ वारसा म्हणून यादीत घेतले.

जाणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, हे प्रार्थनेचे जागते स्थळ आहे. आणि गच्चीवर जायचा मार्ग उघडा असेल तर चढावे. तिथून एका बाजूला मठाचा चौक खाली दिसतो, दुसऱ्या बाजूला पालेर्मो आणि समुद्र. कुळांच्या याद्यांची चर्मपत्रे त्या खालच्या शहरात, सिसिली प्रदेशाच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत. शाई अजून वाचता येते, बापाच्या नावासकट एकेक कुटुंबप्रमुख.